हर्नियाच्या जाळीला संसर्ग होऊ नये म्हणून: ओटीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शक

नाशिकमध्ये हर्नियाची शस्त्रक्रिया त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात होते, आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात होते आणि गंगापूर रोड, पंचवटी, सिडको, नाशिक रोड या भागांतल्या दहा-वीस खाटांच्या खासगी रुग्णालयांतही होते. नर्सिंगचा किंवा ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचा अभ्यासक्रम संपवून अशा छोट्या ओटीत रुजू होणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीला उपकरणांची नावे, ट्रॉली लावण्याची पद्धत आणि सर्जनच्या सवयी शिकवल्या जातात. हर्निया दुरुस्त करताना कमकुवत जागेला आधार म्हणून आत बसवतात त्या जाळीला संसर्ग होऊ नये म्हणून काय सांभाळायचे, हे मात्र कोणी सलग बसून सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आणि पहिल्यांदाच सर्जरीत काम करणाऱ्या हाउस ऑफिसरसाठी आहे. कोणती जाळी वापरायची आणि शस्त्रक्रिया दुर्बिणीने करायची की उघडी, हे निर्णय सर्जनचे आहेत. जाळी पाकिटातून निघून शरीरात जाईपर्यंत, तसेच त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांत जे घडते, त्यातला बराचसा भाग मात्र ओटीतल्या सर्वांत कनिष्ठ माणसाच्या हातात असतो. माझ्या मते जाळीचा संसर्ग अँटिबायोटिकच्या बाटलीने कमी आणि या हातांनी जास्त टळतो.

जाळी असली की थोडे जंतूही का पुरतात

एलेक आणि कोनेन या दोघा संशोधकांनी १९५७ साली स्वयंसेवकांच्या त्वचेवर प्रयोग केले होते. निरोगी त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जंतू काही दशलक्षांच्या संख्येने टोचावे लागत. तेथेच रेशमी टाका असला, तर काहीशे जंतूही पुरत. हर्नियाची जाळी हा त्या टाक्यापेक्षा कितीतरी मोठा परका पदार्थ आहे. जंतू तिच्या धाग्यांना चिकटतात, स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि एकदा तो थर, म्हणजे बायोफिल्म, पक्का झाला की रक्तातून येणारे औषध आतपर्यंत नीट पोहोचत नाही.

जाळीची छिद्रे किती मोठी आहेत, यालाही महत्त्व आहे. जंतू साधारण १ मायक्रॉनचा असतो, तर त्याला गिळणाऱ्या आपल्या संरक्षक पेशी १० मायक्रॉनपेक्षा मोठ्या असतात. पाखरांपासून वाचवण्यासाठी द्राक्षबागेवर टाकलेल्या जाळीतून किडे आत शिरतात, पण ते किडे खाणारे पक्षी बाहेरच राहतात. फार बारीक छिद्रांच्या किंवा अनेक धागे पिळून विणलेल्या जाळीत नेमके असेच होते. म्हणून ७५ मायक्रॉनपेक्षा मोठ्या छिद्रांची, एकेरी धाग्याची पॉलिप्रॉपिलीन जाळी संसर्गाच्या दृष्टीने जास्त सुरक्षित मानली जाते. तिला संसर्ग झाला तरी पू काढून, जखम धुऊन आणि योग्य औषध देऊन ती पुष्कळदा वाचवता येते. बारीक छिद्रांची ईपीटीएफई (टेफ्लॉनसारख्या पदार्थाची) जाळी बहुधा काढूनच टाकावी लागते.

तारीख ठरवण्याआधी

संसर्ग टाळण्याचे काम ओपीडीतच सुरू होते. आपल्याकडे हर्नियाचे रुग्ण पुष्कळदा अंगमेहनत करणारे असतात: लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणारे हमाल, अंबड-सातपूरचे कामगार, निफाड-दिंडोरीचे द्राक्ष उत्पादक. यांची शस्त्रक्रियेची तारीख शरीरापेक्षा हंगामावर ठरते. ऑक्टोबरच्या छाटणीआधी किंवा बागेची काढणी उरकल्यावर लगेच ऑपरेशन उरकून टाका, असा आग्रह असतो, आणि त्या घाईत साखर, तंबाखू आणि त्वचा या तीन गोष्टी तपासायच्या राहून जातात.

मधुमेह असलेल्या रुग्णाचा एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) तपासलेला आहे का, हे केसपेपरवर पाहावे. तो ८ टक्क्यांच्या वर असेल तर अनेक सर्जन नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, विशेषतः पोटावरच्या मोठ्या हर्नियाची. शस्त्रक्रियेच्या आसपासच्या काळात रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावी लागते आणि हा नियम मधुमेह नसलेल्या रुग्णालाही लागू आहे. बिडी-सिगारेट किमान ४ आठवडे आधी बंद व्हायला हवी. रुग्णाला नुसते ‘सोडा’ असे सांगून उपयोग होत नाही. ‘काका, बिडी चालू राहिली तर जखम भरायला रक्त कमी पोहोचते आणि आतली जाळी पिकू शकते’ असे कारणासह सांगितले की निदान काही जण तरी मनावर घेतात.

त्वचेची तपासणी हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. जांघेतला नायटा आपल्याकडे अतिशय सामान्य आहे, आणि रुग्ण तो लाजेने दाखवत नाही. छेद घ्यायच्या जागेजवळ नायटा, खाजवून झालेल्या जखमा किंवा पिकलेली फोडं असतील तर सर्जनला आधी कळवावे. नायटा पूर्ण बरा व्हायला काही आठवडे लागतात, आणि हर्निया अडकलेला नसेल तर तेवढे थांबता येते. मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावलेले असेल तर नायटा वरून फिका दिसतो, म्हणून ‘काही लावता का’ हे मुद्दाम विचारावे. किडलेला दात, लघवीची जळजळ, खोकला आणि बद्धकोष्ठता यांचीही चौकशी याच वेळी व्हावी.

आदला दिवस आणि त्या दिवसाची सकाळ

रुग्णाने साबणाने स्वच्छ आंघोळ करावी. साधा साबण पुरतो. बेंबीचा हर्निया असेल किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया असेल, तर बेंबीतला मळ आदल्या दिवशीच तेलाने किंवा ओल्या कापसाने मऊ करून काढावा, कारण टेबलावर भूल दिल्यानंतर तो खरवडून काढताना त्वचा सोलते आणि घाईत अर्धा मळ आतच राहतो.

केस काढण्यासाठी वस्तरा किंवा रेझर वापरू नये. रेझरने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस आड येत नसतील तर ते काढूच नयेत. काढायचेच असतील तर क्लिपरने, शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि ओटीच्या बाहेर काढावेत. वस्तरा नको, लागलाच तर क्लिपर, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले आहे, तरीही आदल्या संध्याकाळी रेझर घेऊन फिरणारा वॉर्डबॉय अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो.

आता अँटिबायोटिक. जेथे जखमांच्या संसर्गाचे प्रमाण कमी आहे अशा ठिकाणी, सामान्य जोखमीच्या रुग्णाच्या जांघेतल्या उघड्या शस्त्रक्रियेसाठीही ते देण्याची गरज नाही, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तर नाहीच, असे जांघेच्या हर्नियाविषयीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. संसर्गाचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक असेल तर मात्र उघड्या शस्त्रक्रियेत ते द्यावे. आपल्या रुग्णालयाचे प्रमाण किती हे ठाऊकच नसल्यामुळे आपल्याकडे बहुतेक सर्जन एक डोस देतात, आणि ते समजण्यासारखे आहे. तो डोस बहुधा सेफाझोलिन २ ग्रॅम शिरेतून असतो, वजन १२० किलो किंवा अधिक असल्यास ३ ग्रॅम, आणि तो छेदाच्या आधीच्या ६० मिनिटांत गेला पाहिजे. शस्त्रक्रिया ४ तासांहून लांबली किंवा रक्तस्राव फार झाला तर पुन्हा द्यावा लागतो. येथे एक हमखास गोंधळ होतो: वॉर्डात सकाळी टेस्ट डोस दिला जातो, केसपेपरवर ‘अँटिबायोटिक दिले’ अशी नोंद होते आणि मुख्य डोस कोणीच देत नाही, किंवा मुख्य डोस सकाळी सातला जातो आणि आधीची केस लांबल्यामुळे छेद साडेअकराला पडतो. म्हणून डोसाची वेळ मिनिटांसह लिहावी आणि छेदाआधी ती मोठ्याने वाचून दाखवावी. जखम शिवून झाल्यावर पाच-सात दिवस गोळ्या चालू ठेवल्याने जाळीचे अधिक रक्षण होते याला आधार नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात.

उपकरणे: सर्वाधिक काळजी येथे

ऑटोक्लेव्हचे काम बहुधा सर्वांत नव्या माणसाकडे येते. गुंडाळलेल्या सेटसाठी साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबावर ३० मिनिटे, तर प्री-व्हॅक्यूम यंत्रात १३४ अंशांवर ४ मिनिटे हा नेहमीचा हिशेब आहे, आणि वेळ मोजायची ती तापमान पूर्ण चढल्यानंतर. मध्येच वीज गेली तर उरलेली मिनिटे पूर्ण करून चालत नाही. पूर्ण सायकल पुन्हा घ्यावी लागते. ड्रम ठासून भरू नये, कारण वाफ मधल्या कापडापर्यंत पोहोचत नाही, आणि बाहेर काढल्यावर ओला निघालेला सेट निर्जंतुक धरू नये. बाहेरची टेप काळी झाली एवढ्यावरून आतले जंतू मेले असे सिद्ध होत नाही. ती टेप फक्त पाकीट उष्णतेतून गेले एवढेच सांगते. आत ठेवलेली इंडिकेटर पट्टी सेट उघडताना पाहायची असते आणि जिवाणूंच्या बीजाणूंची (उष्णतेलाही सहज न मरणाऱ्या त्यांच्या चिवट रूपाची) चाचणी निदान आठवड्यातून एकदा लावायची असते.

दुर्बिणीच्या उपकरणांची गोष्ट वेगळी आहे आणि जाळीच्या दृष्टीने जास्त धोक्याची आहे. ट्रोकार (पोटात शिरण्याची नळी), ग्रास्पर (पकड), टॅकर (जाळी टाचण्याचे उपकरण) यांच्या नळ्या अरुंद आणि लांब असतात. सांध्यांत रक्त आणि चरबी अडकून राहते. एकामागून एक केस असल्या की ही उपकरणे २ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये वीस मिनिटे बुडवून पुढच्या रुग्णासाठी काढली जातात. वीस मिनिटांत बहुतेक नेहमीचे जंतू मरतात, पण बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी सुमारे १० तास लागतात. त्याहून वाईट म्हणजे बुडवून काढलेली उपकरणे नळाच्या किंवा उकळून थंड केलेल्या पाण्याने धुतली जातात. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी, ॲब्सेसस हे क्षयजंतूंचे चुलतभाऊ नेमके पाण्यात आणि टाकीच्या तळच्या गाळात राहतात. आपल्या शहराला पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येते आणि ते शुद्ध करून पुरवले जाते, पण पिण्यायोग्य पाणी हे निर्जंतुक पाणी नव्हे, आणि रुग्णालयाच्या गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली हे कितीदा कोणालाच सांगता येत नाही.

भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर छिद्रांच्या जागी महिन्याभराने गाठी येऊन पू वाहू लागल्याचे प्रकार वारंवार नोंदले गेले आहेत, आणि त्यांचे मूळ पुष्कळदा याच धुण्यात सापडले आहे. म्हणून क्रम असा ठेवावा. वापर संपताच उपकरण सुटे करावे, एन्झाइमच्या द्रावणात भिजवावे, बारीक ब्रशने नळीच्या आतून घासावे, वाहत्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण कोरडे करावे. जे ऑटोक्लेव्ह चालते ते ऑटोक्लेव्हच करावे. जे चालत नाही ते ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्मा पद्धतीने निर्जंतुक करायला पाठवावे. ईटीओनंतर वायू निघून जाण्यासाठी निर्मात्याने सांगितलेला वेळ पाळावा लागतो, त्यामुळे आज पाठवून आजच वापरू असे म्हणता येत नाही. द्रावणात बुडवण्यावाचून खरोखरच पर्याय नसेल, तर काढल्यानंतर फक्त निर्जंतुक पाण्याने धुवावे. फॉर्मलिनच्या गोळ्या टाकलेल्या डब्यात रात्रभर ठेवलेली उपकरणे मी निर्जंतुक मानत नाही आणि नव्या माणसानेही मानू नयेत, मग ती पद्धत त्या ओटीत कितीही वर्षे चालत आलेली असो.

याच रांगेत चिटल फोर्सेप, म्हणजे निर्जंतुक वस्तू उचलण्याचा लांब चिमटा, येतो. सॅव्हलॉनच्या बाटलीत उभा ठेवलेला चिटल दिवसभर प्रत्येक ड्रममध्ये घातला जातो, आणि त्या बाटलीतले द्रावण संपेल तसे वरून भरले जाते. अशा द्रावणात जंतू वाढू शकतात. चिटल वापरायचाच असेल तर कोरडा, ऑटोक्लेव्ह केलेला आणि ठरावीक तासांनी बदललेला असावा. पोव्हिडोन आयोडीनच्या मोठ्या कॅनमधून छोटी बाटली पुन्हा पुन्हा भरणेही याच कारणासाठी टाळावे.

टेबलावर

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो आणि सकाळी आठच्या केसला नाशिकच्या ओटीतही हुडहुडी भरते. अशा वेळी पातळ गाऊन घातलेल्या रुग्णाला थंड टेबलावर अर्धा तास उघडे ठेवणे हा संसर्गाचा प्रश्न आहे, कारण शरीर गार पडले की त्वचेकडचा रक्तपुरवठा घटतो. २००१ साली इंग्लंडमध्ये हर्निया, स्तन आणि पायाच्या फुगलेल्या शिरा अशा स्वच्छ शस्त्रक्रियांच्या ४२१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, आधी अर्धा तास ऊब न दिलेल्यांत जखमेचा संसर्ग १४ टक्के आणि ऊब दिलेल्यांत ५ टक्के आढळला होता. गरम हवेचे यंत्र नसेल तर ब्लँकेट, कोमट सलाइन आणि रुग्ण झाकेपर्यंत एसी कमी ठेवणे एवढे तरी जमतेच. तापमान ३६ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. गरम पाण्याच्या पिशव्या मात्र भूल दिलेल्या रुग्णाला लावू नयेत. भाजल्याचे त्याला कळत नाही.

हात धुण्याआधी अंगठी, घड्याळ आणि मनगटातले धागेदोरे काढावेत. देवीचा गंडा असला तरी तो काढावा किंवा त्या दिवशी स्क्रब होऊ नये. यात सूट नाही. बोअरच्या पाण्याचा भरवसा नसेल तेथे साध्या साबणाने हात धुऊन, कोरडे करून, मग अल्कोहोलचे सर्जिकल हँडरब वापरणे जास्त खात्रीचे आहे.

त्वचेसाठी २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के अल्कोहोल यांचे मिश्रण अनेक अभ्यासांत पाण्यातल्या पोव्हिडोनपेक्षा सरस ठरले आहे. ते वृषणाच्या नाजूक त्वचेवर लावू नये. तेथे पोव्हिडोन वापरावे. दोन्ही द्रावणे आपोआप वाळू द्यावीत, गॉजने पुसू नयेत. अल्कोहोलचे द्रावण वाळायला निदान ३ मिनिटे द्यावीत आणि कुशीखाली साचलेले टिपून घ्यावे, नाहीतर कॉटरीच्या (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाच्या) ठिणगीने ते पेट घेऊ शकते. छेद पडल्यावर ओटीचे दार बंद राहावे. बिलाचा कागद, फोन, ‘जरा बघून जातो’ म्हणणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, यांपैकी कशासाठीही ते उघडू नये. नव्या माणसाला हे सांगणे जड जाते, म्हणून इन्चार्ज सिस्टरनी ते सकाळीच जाहीर करावे.

जाळीचे पाकीट

जाळी कपाटातून काढताना मुदत, आकार आणि पाकिटाचा प्रत्येक कोपरा पाहावा. ओलसर डाग, टाचणीएवढे छिद्र किंवा सुटलेली कड दिसली तर ती जाळी बाजूला ठेवावी. पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात पाकिटे दमट होतात, म्हणून ती भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वर ठेवावीत.

पाकीट कधी उघडायचे, हे या सगळ्या लेखातले सर्वांत नेमके सूत्र आहे: सर्जनने जागा पूर्ण तयार केली, रक्तस्राव थांबवला, माप सांगितले आणि ‘जाळी द्या’ म्हटले की मगच. केस सुरू होताना ट्रॉली सजवतानाच जाळी उघडून ठेवण्याची सवय फार ठिकाणी आहे. तेवढा वेळ ती उघड्या हवेत धूळ आणि माणसांच्या त्वचेचे कण गोळा करत राहते. बाहेरचे पाकीट फिरत्या नर्सने दोन्ही कडा बाहेर उलगडत सोलावे आणि आतले निर्जंतुक पाकीट स्क्रब नर्सने चिमट्याने उचलावे; ट्रॉलीवर वरून टाकू नये. जाळी हाताळण्याआधी सर्जन, असिस्टंट आणि स्क्रब नर्स या तिघांनी बाहेरचे हातमोजे बदलावेत. याला मोठ्या चाचण्यांचा भक्कम आधार आहे असे मी म्हणणार नाही, पण खर्च दोन-तीन जोड्यांचा आणि वेळ एका मिनिटाचा आहे. मोजे पावडर नसलेले असावेत.

जाळी कापायची ती नव्या, त्वचेला न लागलेल्या कात्रीने. ती रुग्णाच्या पोटावर ठेवून माप घेऊ नये. माप पट्टीने घ्यावे किंवा पाकिटातला कागद वापरावा. जाळी आत जाताना छेदाच्या कडांना, म्हणजे उघड्या त्वचेला, लागू नये यासाठी कडांवर स्वच्छ मॉप लावता येतात. दुर्बिणीत ती थेट ट्रोकारमधून जावी. जेंटामायसिनच्या पाण्यात जाळी बुडवण्याची पद्धत काही सर्जन पाळतात आणि नव्या माणसाने सांगितल्याप्रमाणे करावे. मात्र त्या वाटीमुळे वरच्या गोष्टींत सूट मिळते असे समजू नये.

उरलेल्या जाळीचा विषय अवघड आहे, कारण त्यात पैसा आहे. १५ बाय १५ सेंटिमीटरची जाळी आणून तिचे तुकडे करायचे, एक वापरायचा आणि बाकीचे पुन्हा ईटीओ करून पुढच्या रुग्णांना घालायचे, हा प्रकार होतो. निर्मात्याने एकदाच वापरण्यासाठी म्हणून दिलेली जाळी पुन्हा निर्जंतुक करू नये. उघडलेला तुकडा कचऱ्यातच जावा. येथे कोणीतरी हटकून मच्छरदाणीचा दाखला देतो. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी गरीब रुग्णांसाठी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी वापरली आणि २००३ साली त्याविषयी शास्त्रीय लेख प्रसिद्ध केला, ही आपल्या खानदेशाला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पुढे युगांडातल्या २०१६ च्या चाचणीतही अशा कापडाने वर्षभरानंतर महागड्या जाळीइतकेच चांगले परिणाम दिले. पण त्या कामात कापडाची जात ठरलेली होती, ते धुण्याची, कापण्याची आणि ऑटोक्लेव्ह करण्याची रीत ठरलेली होती आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा होत होता. रक्ताच्या ट्रॉलीवर पडून राहिलेला कंपनीच्या जाळीचा तुकडा पुन्हा वापरण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आतडे अडकून काळे पडले असेल आणि पोटात घाण झाली असेल, तर सर्जन जाळी न घालण्याचा निर्णय घेऊ शकतात; स्वतःच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरण्याची पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांची पद्धत अशा वेळी उपयोगी पडते. म्हणून तातडीच्या केसमध्ये जाळीचे पाकीट ओटीत आणून ठेवावे, पण उघडू नये.

शिवल्यानंतर आणि घरी

ड्रेसिंग पहिले ४८ तास शक्यतो उघडू नये. ड्रेन (आतला स्राव बाहेर काढणारी नळी) नेहमीच घालायचा नसतो, आणि घातला असेल तर तो जितका लवकर निघेल तितका बरा. जांघेत किंवा पोटावर काही दिवसांनी पाण्याची मऊ सूज येते. हा सिरोमा बहुधा आपोआप जिरतो. नव्या हाउस ऑफिसरला ती सुईने काढण्याचा मोह होतो. सूज दुखत नसेल, लाल नसेल आणि वाढत नसेल तर सुई घालू नये, कारण निर्जंतुक पाण्यात जंतू नेण्याचा तो सरळ रस्ता आहे. काढायचीच ठरली तर ओटीतल्या शिस्तीने आणि सर्जनच्या सांगण्यावरूनच काढावी.

डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांशी बोलणे कागद देण्यापेक्षा महत्त्वाचे आहे, आणि ज्या घरच्या बाई ड्रेसिंग पाहणार आहेत त्यांच्याशी बोलावे. जखमेवर हळद, तूप, अंगारा किंवा कसलीही पावडर लावू नये. जखम पूर्ण बंद होईपर्यंत रामकुंडात, विहिरीत किंवा शेततळ्यात उतरू नये. घरी अंगावर स्वच्छ पाणी घेऊन आंघोळ करता येते. बागेत फवारणीला आणि शेणामातीच्या कामाला जखम सुकेपर्यंत जाऊ नये. जड उचलण्याविषयी सर्जन सांगतील तेवढे दिवस थांबावे.

कशासाठी परत यायचे हे त्यांच्याच शब्दांत सांगावे: ताप, वाढत जाणारे दुखणे, लाली, टाक्यांतून पाणी किंवा पू. त्यात एक वाक्य अवश्य जोडावे, ते म्हणजे जखम भरून महिना-दोन महिने किंवा वर्ष उलटले आणि मग त्याच जागी गाठ आली किंवा छोटे भोक पडून वाहू लागले, तरी यायचे. सुरगाणा किंवा पेठेहून येणारा रुग्ण जखम भरली की पुन्हा येत नाही आणि उशिरा वाहू लागले तर जवळच्या डॉक्टरकडून गोळ्यांचा एकेक कोर्स घेत राहतो. तोवर जाळीवरचा थर पक्का होतो.

पू दिसलाच तर

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना घ्यावा. वरवरच्या स्वॅबपेक्षा सिरिंजमध्ये घेतलेला पू किंवा ऊतीचा तुकडा चांगला, आणि तो फॉर्मलिनमध्ये टाकू नये, कारण मग कल्चर होत नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवड्यांनी सुरू झालेल्या, नेहमीच्या औषधाने न हटणाऱ्या स्रावाचा नमुना पाठवताना फॉर्मवर ‘एएफबी आणि मायकोबॅक्टेरियाचे कल्चरही करावे’ असे लिहिलेच पाहिजे (एएफबी म्हणजे क्षयजंतूंच्या गटातले जंतू शोधण्याची तपासणी). न लिहिल्यास प्रयोगशाळा दोन दिवसांत ‘जंतू वाढले नाहीत’ असा अहवाल देऊन मोकळी होते. एएफबी आढळले म्हणून लगेच क्षयाची नेहमीची औषधे सुरू करणेही चूक आहे. हे पाण्यातले मायकोबॅक्टेरिया त्यांना दाद देत नाहीत. कोणते औषध चालेल हे संवेदनशीलतेच्या तपासणीवर ठरते आणि उपचार काही महिने चालतात.

शेवटचे काम रजिस्टरचे. जाळीच्या पाकिटावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर केसपेपरवर आणि ओटी रजिस्टरमध्ये, दोन्हीकडे चिकटवावा. त्यापुढे ऑटोक्लेव्हच्या लोडचा क्रमांक, वापरलेला सेट, अँटिबायोटिकची वेळ आणि छेदाची वेळ लिहावी. जाळी घातलेल्या प्रत्येक रुग्णाला ३० व्या आणि ९० व्या दिवशी फोन करून जखमेविषयी विचारावे आणि उत्तर त्याच ओळीत नोंदवावे. वर्षाअखेर हाच हिशेब रुग्णालयाचे संसर्गाचे प्रमाण सांगतो, आणि एकाच सेटच्या किंवा एकाच आठवड्याच्या दोन ओळींत ‘पू’ असे लिहिलेले दिसले, तर तिसरी केस घेण्याआधी तो सेट बाजूला काढून धुण्याचे पाणी, द्रावणाची बाटली आणि ऑटोक्लेव्हची बीजाणू चाचणी तपासायला द्यावी.